गाडीवरचं हाव

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या आठवड्यात गावात कोण कुणाच्या अंगावर गुलाल टाकील याचा काही नेम राहिला नव्हता, आणि तसल्या गर्दीतून श्रीमंत ओव्हरसियरनं आपली राजदूत फटफटी शाबूत घरी आणली, ही त्याच्या मते त्या दिवसाची मोठीच कामगिरी होती. क्वार्टरच्या दारात त्यानं सवयीनं पेट्रोलचा कॉक बंद केला, पाय टेकला आणि मागं न बघता म्हणाला, "उतर सावकाश, सायलेन्सर तापलाय." कुणी उतरलं नाही. गाडी हलली नाही, की पदर अडकला म्हणून कुणी कुरकुरलं नाही. त्यानं मान वळवली तर मागची सीट रिकामी. गंजगोलाईच्या बाजारातून निघताना बायको, सरजा, मागं होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. पडली की काय बाई कुठं! गाडी उलटी फिरवून त्यानं किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात कोपऱ्यावरून सरजा चालत येताना दिसली. हातात शेपूची जुडी, डोक्यावर दुसऱ्यांनी उधळलेला गुलाल, आणि तोंडावर काहीच नाही. "अगं, उतरलीस कुठं?" "गोलाईत. भाजी घ्यायची व्हती." "अन् मला न सांगता?" "इचारलं की. म्हणलं, म्या हितंच उतरू का, तुमी व्हा म्होरं. तुमी हाव म्हणलाव." दारात उभ्या असलेल्या थोरल्या दोघी पोरी हसून हसून वाकल्या. बाप आईला बाजारात विसरून आला! श्रीमंतही हसला. हसण्यासारखीच गोष्ट होती.

हाव म्हणजे होय. पुण्याकडून बदलून आलेल्या एका साहेबाला हे कळायला बरेच दिवस लागले होते. कामाला माणसं येतील का म्हणून विचारलं की मुकादम म्हणायचा हाव, आणि साहेब बिचकून बघायचा, की याला कसली एवढी हाव सुटली. श्रीमंतच्या तोंडात तर हा शब्द श्वासासारखा होता. गाडीवर बसलं की सरजा मागून बोलायला लागायची. जुन्या घरात सासू, पोरी, एक खोली, तिथं बाईला नवऱ्याशी बोलायला जागा कुठली? म्हणून तिचं सगळं बोलणं गाडीवर. त्याच्या पाठीशी तोंड नेऊन ती बोलायची, आणि तो पुढं बघत दर दोन खांबांमागं एक हाव द्यायचा. तिला वाटायचं ऐकतोय. त्यालाही वाटायचं आपण ऐकतोय. पण त्याचा कान खाली असायचा, इंजिनात. प्लगनं एक ठोका खाल्ला तरी त्याला कळायचं. चेन ढिली झाली, पॉइंट जळला, पंपावरच्या पोऱ्यानं पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं, हे सगळं तो आवाजावरून सांगायचा. ऑफिसात त्याची ख्याती होती, की श्रीमंतला गाडीची नाडी कळते. त्याला त्या ख्यातीचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

ताटात शेपू आली. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याचा हात थांबला. तुमी हाव म्हणलाव. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं, याच तोंडून, याच आवाजात, असंच सपाट. कधी? आणि मग आठवलं, तेव्हा घास तोंडात फिरायला लागला. दुष्काळाच्या साली. अहमदपूरच्या बाजूला सडकेचं काम चालू होतं, माणसं खडी फोडत होती, उन्हानं डोळे उघडवत नव्हते. एस.टी. थांबली आणि सरजा उतरली, पंधरवड्यानं नांदेडहून परत आलेली. तिच्या हातात पिशवी होती. काखेत काही नव्हतं. "पोरगी कुठाय?" त्यानं विचारलं. "अक्कापाशी. तुमी हाव म्हणलाव की." आजूबाजूला माणसं होती, मुकादम काहीतरी विचारायला थांबला होता. असेल, म्हणालो असेल, लेकरू अशक्त आहे तर राहू दे पाऊस पडेस्तोवर, असं काहीतरी बोलणं झालं असेल. त्यानं मान हलवली आणि तो कामाकडं वळला. एवढंच. ती तिसरी पोरगी, विशाखा, त्या दिवसापासून नांदेडला आहे. सरजाच्या थोरल्या बहिणीला, नीलाबाईला ती आई म्हणते. नीलाबाईचा नवरा पंढरी रेल्वेत आहे, त्याला अण्णा म्हणते. श्रीमंतला काका म्हणते, आणि सरजाला, जिनं तिला पोटात वाढवलं तिला, मावशी.

आजवर त्यानं हे असं समजून घेतलं होतं, की सरजानं पोरगी दिली. दोन पोरींवर तिसरी पोरगीच झाली, म्हातारी उठता बसता टोमणे मारायची, विहिरीचा तळ खरवडून पाणी आणावं लागायचं, त्यात हे जुलाबानं वाळलेलं लेकरू. दमली असेल बाई. बहिणीची कूस रिकामी, तिच्या ओटीत घालून मोकळी झाली असेल. त्यानं तिला दोष दिला नाही, निदान तोंडानं दिला नाही. पण आतून एक गार गोष्ट बसली होती ती बसलीच. पाऊस पडला, विहिरी भरल्या, तेव्हा तो वाट बघत राहिला, की ही म्हणेल, चला, पोरीला घेऊन येऊ. ती म्हणाली नाही. मग तोही म्हणाला नाही. आई असून हिला काही वाटत नाही तर मी कशाला बोलू? अशीच वर्षं गेली, आणि प्रत्येक वर्षानं ते बोलणं जरा जास्त अवघड करून ठेवलं. आता नवा जिल्हा झाला, कचेरी लातूरला आली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, घरात नळ आला. म्हातारी गेली. क्वार्टर बघायला आला त्या पहिल्या दिवशीच त्याची नजर खिडकीपाशी गेली होती. इथं एक खाट बसेल, असं त्याच्या मनात आलं होतं. विशाखाला आणायचं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण ठरवलं होतं. आणि आता ही शेपूची जुडी! मी काय ऐकलं होतं त्या दिवशी? मी कशाला हाव म्हणालो?

रविवारी त्यानं गाडी खोलली. प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासला, फट नखानं चाचपली, सायलेन्सरची नळी चुलीत घालून आतली काजळी जाळली. हे काम करताना त्याचं डोकं शांत व्हायचं. आज होईना. दुष्काळातली ती नांदेडची फेरी पुन्हा पुन्हा समोर यायची. नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून अहमदपुराहून सकाळीच निघाले होते. सरजाच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली विशाखा. दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानं, झाडाला पान नाही, आणि इंजिनातून एक बारीक खडखड. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. अशा उन्हात इंजिन तापलं तर पिस्टन धरतो, गाडी जागीच बंद पडते, आणि मग त्या उजाड माळावर आजारी लेकरू घेऊन बसायचं कुठं? म्हणून त्यानं सगळा जीव कानात आणला होता. जरा आवाज बदलला की एक्सलेटर कमी, जरा बरा वाटला की पुन्हा वाढव. मागून सरजा बोलत होती. बोलत होती हे खरं. हाव म्हणालो हेही खरं. त्यानं पोरीसाठीच कान इंजिनाला लावला होता, ही गोष्ट कुणाला सांगावी? सरजा चहा घेऊन आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. "काय इचारायचंय का?" ती म्हणाली. "न्हाई," तो म्हणाला, "तो पाना दे तेवढा." तिनं पाना दिला आणि ती गेली. किती वेळ तो हातात नुसता पाना धरून बसला. मेल्या, बायकोला एक प्रश्न विचारायला एवढी फाटती तुझी, असं त्यानं स्वतःला म्हणून बघितलं. तरी उठला नाही.

सुट्टी जोडून आली तेव्हा दोघं नांदेडला निघाले. "अक्काकडं जाऊन येऊ," एवढंच तो म्हणाला होता, आणि सरजानंही कशाला म्हणून विचारलं नव्हतं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. गाडी इतकी गुळगुळीत चालली होती की ऐकायला खाली काही उरलंच नव्हतं. मागं सरजा गप्प होती. गोलाईतल्या त्या दिवसापासून ती गाडीवर बोलतच नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेइतकी उभी होती, आणि ही तीच सडक आहे यावर त्याचा विश्वास बसेना. माळाकोळीच्या अलीकडं लांब उतार लागतो. पेट्रोल वाचवायला तिथं सगळेच इंजिन बंद करतात, तोही करायचा. त्यानं चावी फिरवली. एकदम सगळं शांत झालं. चाकं फिरल्याचा आवाज, कानाशी वारा, बाकी काही नाही. तोंड पुढंच ठेवून तो म्हणाला, "सरजा, त्या साली, पोरगी मांडीवर असताना, तू मला काय इचारलं व्हतंस?"

उतार संपला, गाडीचा जोर कमी कमी होत गेला आणि एका बाभळीखाली ती आपोआप थांबली. दोघंही उतरले नाहीत. तो पुढं बघत, ती त्याच्या पाठीकडं बघत.

"हिला अक्काला देऊ का, म्हणून इचारलं," सरजा म्हणाली.

"ठेवू का, का देऊ का?"

"देऊ का."

"अन् मी?"

"हाव. पुन्हा एकदा इचारलं. लोह्याच्या जवळ. मोठ्यानं इचारलं. म्हणलं, कायमची देऊ का. तवाबी हाव."

"मला ऐकू आलं नव्हतं गं. रिंगा वाजत व्हत्या. गाडी बंद पडंल म्हणून मी..."

"मला कळलं ते. त्या दिशी गोलाईत कळलं." ती इतक्या हळू बोलत होती, की इंजिन चालू असतं तर यातलं एक अक्षर त्याच्यापर्यंत आलं नसतं. "भाजीवालीपाशी हुबी राहून बघत व्हते. तुमी तसेच म्होरं गेलाव. वळून सुदिक बघितलं न्हाई. तवाच म्या हिशेब लावला. इतकी वर्सं म्हणायचे, या माणसाला तिसरी पोरगी नको व्हती, इचारल्याबरोबर हाव म्हणला."

"अगं, पण मला वाटलं तुलाच नकोय!"

"मला?" ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "अक्कानं त्याच्या आधीच पदर पसरला व्हता माझ्याफुडं. तिला न्हाई म्हणायचं तोंड मला नव्हतं. म्हणलं, तुमाला इचारावं. तुमी न्हाई म्हणताल. मंग तुमच्या नावावर तिला न्हाई म्हणायचं, म्हणून इचारलं व्हतं म्या. न्हाई म्हणावं म्हणून इचारलं व्हतं."

तो गाडीवरून उतरला. कुठं जायचं हे न कळून चार पावलं रानात गेला आणि परत आला. त्याला रडू येत होतं, आणि सडकेवरून बैलगाडी येत होती म्हणून त्यानं ते दाबलं. दोघांनी एकमेकांवर किती राग धरला होता, किती मुकाट्यानं, किती नेमानं! ताटं वाढली, पोरींची आजारपणं काढली, म्हातारीला माती दिली, एका पांघरुणात झोपले, आणि मधोमध हे एक न ऐकलेलं वाक्य. "मी मागतो तिला," तो म्हणाला. "आजच मागतो. अक्काच्या पाया पडून मागतो." सरजानं पदरानं तोंड पुसलं. "तुमी मागा. मला मागणं व्हायचं न्हाई. पण आधी पोरीला इचारा. अन् गाडी बंद करून इचारा."

नांदेडात पोचले तेव्हा पंढरी ड्यूटीवरून येऊन नुकता जेवायला बसला होता. विशाखा त्याला वाढत होती. भाकरी तव्यावरून सरळ त्याच्या ताटात, आणि वर दटावणी, "अण्णा, मिरची कमी खा, मंग रातभर पाणी मागत बसताव." पंढरी मुकाट्यानं मिरची बाजूला सारत होता. नीलाबाई सरजाला बघून उठली, गळ्यात पडली, आणि मग तिच्या चेहऱ्याकडं बघून जरा मागं सरली. बायकांना कसं कळतं कुणास ठाऊक. त्यानंतर ती पोरीजवळून हललीच नाही. पाणी दिलं, चहा ठेवला, पण एक हात सारखा विशाखाच्या खांद्यावर, वेणीवर. श्रीमंतला ते बघवेना. "चल," तो पोरीला म्हणाला, "तुला गाडीवर चक्कर मारून आणतो." नीलाबाई दारापर्यंत आली. "लवकर या," ती म्हणाली, "भाकरी थंड व्हत्यात."

गोदावरीच्या पुलापाशी त्यानं गाडी थांबवली, चावी फिरवली, गाडी स्टँडवर लावली आणि पोरीला समोर उभं केलं. नदीला पाणी होतं. विशाखाचं नाक सरजाचं होतं, कपाळ त्याच्या आईचं, त्या टोमणे मारणाऱ्या म्हातारीचं. "तुला एक इचारायचंय बाळ," तो म्हणाला.

"मलाबी तुमाला इचारायचंय," विशाखा म्हणाली. "मी आधी इचारू?"

"इचार."

तिनं फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "मला तुमीच दिलं ना हितं?"

"कुणी सांगितलं?"

"आईनं. लई दिस झाले. मी बाहेरून ऐकण्यापरीस तिच्या तोंडून ऐकावं म्हणून सांगितलं. म्हणली, मावशीनं काकाला इचारलं, काका हाव म्हणले, म्हणून तू मला मिळालीस." ती सरळ त्याच्याकडं बघत होती. "तुमी खरंच हाव म्हणलाव?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. मला ऐकू आलं नव्हतं. हे काही इतकी वर्षं त्याच्या छातीवर नव्हतं. दोन-तीन तासांपूर्वीच ते त्याला मिळालं होतं, आणि मिळाल्यापासून तो ते जपून धरून आला होता, कारण त्यात त्याची सुटका होती. मी दिलं नाही तुला, पोरी. मी तुला कधीच दिलं नाही. पण तिच्या डोळ्यांकडं बघताना त्याला ते वाक्य तिच्या बाजूनं ऐकू आलं. म्हणजे बाप हाव म्हणाला नाही, मग आईनं एकटीनं दिलं? का कुणीच दिलं नाही, गाडीच्या आवाजात नुसती सांडली मी? आणि घरी तिची वाट बघत बसलेली ती बाई, जी म्हणते की तू मला मिळालीस, तिनं मग काय, चुकून पडलेलं लेकरू उचललं?

"हाव," श्रीमंत म्हणाला. "म्हणलो."

"मी तिसरी पोरगी म्हणून?"

"न्हाई, न्हाई बाई!" त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "आसं कोण म्हणलं? अक्काच्या घरात लेकरू नव्हतं. लई रडायची ती. तिला काय द्यावं, म्हणून मी अन् तुझ्या मावशीनं बसून इचार केला. चांगला इचार केला. आमच्याजवळ सगळ्यात चांगलं तूच व्हतीस. म्हणून हाव म्हणलो."

विशाखाचा चेहरा सैल झाला. त्यावर इतका ताण होता हे तो गेल्यावरच श्रीमंतला कळलं. "मंग बरं," ती म्हणाली. "शाळेत एक पोरगी म्हणती, तुला टाकून दिलं. आता सांगते तिला." आणि मग तिला आठवलं. "तुमचं राहिलंच की काका. तुमी काय इचारणार व्हताव?"

चांगला विचार करून दिलेली वस्तू माणूस परत मागत नाही. सरजा तिकडं भिंतीला टेकून बसली असेल, दाराकडं डोळे लावून. तिला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"भूक लागली का, म्हणलं," तो म्हणाला.

"हाव," विशाखा म्हणाली, आणि सीटवर चढून बसली.